वस्त्रकला वर्ग : कसुती, नमदा आणि कष्टाचा हिशेब

(बेळगाव जिल्ह्यातील एका गावी महिलांसाठी चाललेल्या वस्त्रकला वर्गाच्या सांगता समारंभात केलेले भाषण)



आज या वर्गाचा शेवटचा दिवस आहे. शाळेच्या या खोलीत एका भिंतीशी कसुतीचे तुकडे मांडलेले आहेत आणि दुसऱ्या भिंतीशी लोकर जमवून केलेले काळे व करडे चौकोन. पाहुण्यांची पावले साहजिकच पहिल्या भिंतीकडे अगोदर वळली. तेथे रंग आहेत, रथ आहेत, गोपुरे आहेत. दुसऱ्या भिंतीजवळ मात्र बरेचजण “हे काय?” असे विचारून थांबले. तो प्रश्न योग्यच आहे. ज्या लोकरीचे हे चौकोन आहेत ती लोकर या गावच्या रानात कुंपणाला टाकून दिलेली होती.

वर्ग सुरू झाला तेव्हा पुष्कळ भगिनींची समजूत अशी होती की, येथे शिलाईयंत्र शिकवावयाचे आहे. पहिला आठवडा नुसता दोसुती कापडाचे धागे मोजण्यात गेला, तेव्हा काहीजणी कंटाळल्या आणि दोघी-तिघींनी येणेच सोडले. त्यांना दोष देता येणार नाही. घरचा स्वयंपाक, गुरांचा चारा, भांगलण ही कामे टाकून जी स्त्री दुपारचे दोन तास काढते, तिला त्या दोन तासांचे काहीतरी हाती लागलेले दिसावे लागते. मोजलेले धागे दिसत नाहीत.

परंतु कसुती म्हणजे मुख्यतः मोजणीच होय. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, असा या कानडी नावाचा अर्थ सांगतात. धारवाड, बेळगाव, विजापूर, बागलकोट या मुलखातील हा कशिदा, आणि इरकली लुगड्याच्या पदरावर, खणाच्या चोळीवर, काळ्या चंद्रकळेवर तो पिढ्यान् पिढ्या उठविला गेला. याची नक्षी कापडावर पेन्सिलीने किंवा ठशाने आखून घेत नाहीत. उभे व आडवे धागे मोजावयाचे आणि सुई त्याप्रमाणे घालावयाची. दोऱ्याला गाठ मारावयाची नाही. गाठ नसल्यामुळे आणि टाका ठराविक रीतीने परत येत असल्यामुळे उत्तम कामाची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते.

टाके चार. गावंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गावंती म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका वर आणि एक खाली घालीत जावयाचे, आणि परतताना रिकाम्या राहिलेल्या जागा भरीत मूळ ठिकाणी यावयाचे. मुर्गी हा त्याच जातीचा, पण पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा. या दोन्ही टाक्यांत दोन्ही बाजू सारख्या येतात. नेगीचा टाका विणकरीसारखा दिसतो. ‘नेय्गे’ म्हणजे कानडीत विणणे. मेंथी हा फुलीचा टाका असून त्याने जागा भरून काढतात, आणि त्याचे नाव मेथीच्या दाण्यावरून पडले आहे. या वर्गात शिक्षिका कानडीतून सांगत होत्या आणि निम्म्या विद्यार्थिनी मराठीतून एकमेकींना समजावीत होत्या. टाक्यांची नावे मात्र कोणी बदलली नाहीत, आणि बदलण्याची गरजही कोणाला भासली नाही.

गावंतीत खरी अडचण टाक्याची नसून वाटेची आहे. सरळ रेघ असेल तर जाणे-येणे सोपे. पण गोपुराला कळस येतो, कळसाला फांद्या फुटतात, रथाला चाके आणि चाकांना आरे असतात. सुईने प्रत्येक फांदीत शिरून परत मुख्य वाटेवर यावे, कोठेही अडकू नये आणि अखेरीस निघाली तेथेच पोहोचावे, ही सर्व आखणी पहिला टाका घालण्यापूर्वी मनात करावी लागते. अक्षरओळख नसलेल्या एका वृद्धेला ही वाट झटकन दिसत असे. पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीला ती कागदावर काढून घ्यावी लागे.

एका विद्यार्थिनीने तुळशीवृंदावन काढावयास घेतले. दोन दिवसांचे काम झाल्यावर असे दिसून आले की, वृंदावनाची उजवी पायरी डावीपेक्षा एका धाग्याने रुंद झाली आहे. पाहणाऱ्याच्या ते लक्षात आले नसते. शिक्षिका काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी तुकडा फक्त उलटा करून तिच्या हाती दिला. मागच्या बाजूला एक दोरा तिरपा जाऊन आपली चूक स्वतःच सांगत होता. ती सबंध दुपार उसवण्यात गेली. संध्याकाळी घरी सासूने विचारले, “दिसभर काय केलीस गं?” तिने उत्तर दिले, “उसवलं, आत्या.” सासूबाई रागावल्या असतील असे वाटले होते. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच वर्गात आल्या. त्यांच्या पिशवीत विरलेले एक इरकली लुगडे होते आणि त्याच्या पदरावर हत्ती, पालखी, नंदी आणि तुळशीवृंदावन अशी चार ओळींची कसुती होती. त्या पदरावरून वर्गाने जे नमुने उतरवून घेतले, ते कोणत्याही छापील पुस्तकातील नमुन्यांपेक्षा अधिक मोलाचे ठरले. घरोघरच्या ट्रंकांत असे पदर अजून असतील. बोहारणीच्या टोपलीत ते जाण्यापूर्वी निदान वहीच्या चौकटीदार पानावर त्यांची नोंद व्हावी, एवढे काम शाळेतील मुलेसुद्धा करू शकतील.

हल्ली बाजारात यंत्रावर काढलेली किंवा नुसती छापलेली ‘कसुती’ मुबलक मिळते आणि ती स्वस्तही असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याला परवडते ते त्याने घ्यावे. मात्र हातकामाच्या किमतीत ती कोणी विकू लागला तर गिऱ्हाइकाने पदर उलटा करून पाहावा. छापील नक्षीला मागे टाकाच नसतो, आणि यंत्राच्या कामाला मागे निराळ्या दोऱ्याची दाटी असते. कसुतीच्या नावाला भौगोलिक उपदर्शनाचे, म्हणजे ज्या मुलखाची वस्तू त्याच मुलखाच्या नावाने ओळखली जाण्याचे, कायदेशीर संरक्षण मिळालेले आहे. पण नावाची नोंदणी झाली म्हणजे प्रत्येक कारागिराची नोंदणी झाली असे नव्हे. १९९९ च्या त्या कायद्याखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून कारागिराने स्वतंत्र अर्ज करावा लागतो. गावोगावच्या स्त्रियांना हे सांगणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे, आणि ते पुरेसे झालेले नाही हे येथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

आता दुसऱ्या भिंतीकडे वळू.

दख्खनी मेंढी ही या पठाराची मेंढी. ती बहुधा काळी, काटक, लांब चाल सोसणारी. तिची कातरणी वर्षातून दोनदा होते. तिची लोकर आखूड, राठ आणि केसाळ. परदेशी मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू सुमारे २० मायक्रॉन जाडीचा असतो, तर दख्खनी लोकरीचा त्याच्या दुपटीहून जाड. या लोकरीची घोंगडी होत असत. धनगराने कातरावे, घरच्या स्त्रियांनी पिंजलेल्या लोकरीचे सूत काढावे, विणकराने खड्ड्याच्या मागावर विणावे आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी ताठ करावी, अशी ती साखळी होती. स्वस्त कृत्रिम धाग्यांची ब्लँकेटे आली आणि ही साखळी तुटली. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कातरलेली लोकर रानातच टाकली जाते.

सूत काढण्याजोगी लोकर वेगळी आणि जमविण्याजोगी वेगळी, हे या वर्गात प्रथमच अनेकांना समजले. न विणता, केवळ दाबून आणि चोळून लोकरीचे वस्त्र करण्याची कला फार जुनी आहे. आपल्या भाषेत तिच्यासाठी नमदा आणि बुरणूस असे शब्द आहेत. घोड्याच्या खोगिराखाली घालावयाचा नमदा जुन्या माणसांच्या ऐकिवात असेल. शब्द उरले, पण या बाजूला हात उरले नाहीत.

हे घडते कसे, ते शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावे. त्यासाठी प्रयोगशाळा नको. डोक्याचा एक लांब केस अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून बोटे एकमेकांवर लांबीच्या दिशेने घासली तर केस एकाच दिशेने, मुळाच्या बाजूने, सरकत जातो. दुसऱ्या दिशेने तो सरकत नाही, कारण त्याच्या अंगावर माशासारखे अतिसूक्ष्म खवले असतात. लोकरीच्या तंतूवरही तसेच खवले आहेत. ऊन पाणी आणि साबण यांनी तंतू सैल होतात व खवले उघडतात. वरून दाब आणि घर्षण मिळाले की प्रत्येक तंतू आपल्या एकाच दिशेने पुढे सरकतो, शेजाऱ्यांत गुरफटतो आणि मागे फिरू शकत नाही. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घोळून धुतला की तो आवळतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, त्याचे कारण हेच. कापसाच्या तंतूला खवले नाहीत, म्हणून कापसाचा नमदा होत नाही.

वर्गातील पहिला प्रयत्न फसला. लोकर नीट धुतलेली नव्हती, तिच्यात गोखरू आणि कुसळे होती, थर जाड घातले गेले आणि पाणी निवून गेले. वाळल्यावर तो चौकोन उचलताच त्याचे तुकडे झाले. त्या दिवशी विद्यार्थिनींना हसू आवरेना, आणि लोकर आणून देणारे धनगर आजोबा मात्र गप्प बसून राहिले. दुसऱ्या वेळी लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली, उन्हात वाळविली, हाताने विंचरून मोकळी केली आणि तिच्यात थोडी मऊ जातीची लोकर मिसळली. राठ लोकर एकटी चांगली धरत नाही, तिला मऊ लोकरीची सोबत लागते. मग चटईवर पातळ थर पसरले, एक उभा आणि त्यावर एक आडवा. साबणाचे ऊन पाणी शिंपडले, वर जाळी घातली आणि तळहाताने हलके दाबले. प्रारंभी जोर लावला तर तंतू जागचे हलतात आणि मध्येच भोके पडतात. हात अगदी हलका हवा. वरचा थर धरू लागला की चटईसकट गुंडाळी करून ती पुढे-मागे लाटावयाची. शंभर वेळा लाटून गुंडाळी उघडावी, तुकड्याची दिशा बदलावी आणि पुन्हा गुंडाळावे. चिमटीत धरून ओढले असता तंतू सुटून येईनात, म्हणजे नमदा जमला. मूळ मापापेक्षा तो पुष्कळच लहान होतो, म्हणून बैठकीचे आसन करावयाचे असेल तर पसरताना माप मोठे धरावे लागते.

कसुतीत चुकले तर उसवता येते. नमद्यात चुकले तर उसवणे नाही. त्यामुळे काही विद्यार्थिनींना नमद्याची धास्ती वाटे. उलट ज्यांची दृष्टी मंद झाली आहे आणि ज्यांना धागे मोजणे जमत नव्हते, त्या वयस्क भगिनी येथे रमल्या. भाकरी थापणाऱ्या हाताला किती दाब द्यावा हे शिकवावे लागत नाही.

नमदा आणि कशिदा ही दोन कामे एका वर्गात का घेतली, असे एका गुरुजींनी मघाशी विचारले. त्याचे उत्तर काश्मीरकडे पाहिल्यास मिळते. तेथे नमद्यावर आरीने साखळीटाक्याचा कशिदा काढतात. जमविलेली लोकर आणि भरलेली लोकर मिळून एकच वस्तू होते. मात्र काश्मीरचा अनुभव सावधही करतो. १९९८ ते २००८ या काळात तेथील नमद्याची निर्यात जवळजवळ संपुष्टात आली. चांगली लोकर मिळेना, कुशल हात उरले नाहीत आणि विक्रीची व्यवस्था नव्हती, अशी कारणे पुढे सरकारनेच सांगितली. स्वस्त मालासाठी लोकरीत कापूस मिसळण्याची पद्धतही पडली होती. जो तंतू गुंततच नाही तो मिसळल्यावर नमदा किती दिवस टिकणार, हे आता या वर्गातील विद्यार्थिनी सांगू शकतील. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने तेथे नमद्याचे खास प्रशिक्षण सुरू केले. त्यातून सहा जिल्ह्यांतील सुमारे २,२०० जण शिकले आणि जुलै २०२३ मध्ये तेथील माल ब्रिटनला रवाना झाला. तेथे शिकविण्याच्या आधीच माल घेणारे कारखानदार सोबत घेतलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक वर्गांत नेमके याच्या उलट होते. आधी शिकवितात, मग प्रदर्शन भरवितात आणि मग गिऱ्हाईक कोठे आहे याचा शोध सुरू होतो.

या वर्गात आणखी एक गोष्ट करण्यात आली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक विद्यार्थिनीने एका लहान वहीत सुई हाती घेतल्याची आणि ठेवल्याची वेळ टिपली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी दर अर्ध्या तासाला एक रेघ ओढली. प्रारंभी या वहीची बरीच थट्टा झाली. “टाक्याचे पैसे मिळतील, घड्याळाचे कोण देणार?” असे एका भगिनीने विचारले होते. कारागिराच्या दारिद्र्याचे कारण त्या एका प्रश्नात सामावलेले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका पदराच्या कसुतीला १५० तास लागले आणि व्यापाऱ्याने ३,००० रुपये हातावर ठेवले. घरात बसून तीन हजार मिळाले म्हणून घरचे सर्वजण आनंदित होतील. वही काय सांगते? ताशी वीस रुपये, आठ तासांच्या दिवसाला एकशे साठ. ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली मातीकामाचा दर कर्नाटकात २०२४-२५ साली दिवसाला ३४९ रुपये होता. त्याच दराने १५० तासांचे साडेसहा हजार रुपये होतात, आणि त्यात दोऱ्याची लडी, दिव्याची वीज आणि थकलेले डोळे धरलेले नाहीत. म्हणजे जी कला शिकावयास महिने लागतात आणि जिच्या मागच्या बाजूलाही चूक खपत नाही, तिचा दर घमेले उचलण्याच्या निम्म्याहून कमी पडतो. ज्या मुली वर्गातून उठून गेल्या त्यांनी हा हिशेब कागदावर मांडला नसेल, पण तो त्यांना कळला नव्हता असे समजण्याचे कारण नाही.

म्हणून गावकऱ्यांना विनंती अशी की, घरातील स्त्री सुई घेऊन बसली असता ती रिकामी बसली आहे असे समजू नये आणि तिला उजेडाची जागा द्यावी. वह्यांवरून दिसून आले की, रात्री मंद दिव्याखाली केलेल्या कामाला दिवसापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला आणि उसवणेही अधिक झाले. काळ्या कापडावरचे काम तर दिवसाउजेडीच व्हावे.

अधिकारी बंधूंसाठी दोन शब्द. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, पण कशिदाकाम किंवा नमदा हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नाही. त्यामुळे कसुती करणारी स्त्री त्या खिडकीवरून परत येते. तिला हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाचे ‘पहचान’ ओळखपत्र घेता येते, आणि कारागीर म्हणून असलेल्या सवलती त्याच्या आधारे मिळू शकतात. कोणती खिडकी आपली नाही एवढे सांगून भागत नाही, आपली कोणती तेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. लोकरीच्या बाबतीत कातरणीच्या वेळीच पोती पोहोचविली आणि काळी, करडी, पांढरी अशी निवड तेथेच करून घेतली, तर पुढचे अर्धे काम वाचेल. धुळीत पडून पावसात भिजलेली लोकर मागाहून गोळा करण्यात अर्थ नाही.

शिक्षकांवर आणखी भार टाकण्याचा हेतू नाही. तथापि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची कल्पना मांडली आहे. सुतार, कुंभार यांच्याबरोबर या वर्गातील एखादी आजी आणि लोकर आणणारे ते आजोबा यांनाही त्या दिवशी शाळेत बोलवावे. मुलगेही असावेत. चौकटीच्या कागदावर गावंतीची वाट आखताना भूमिती शिकली जाते, आणि हे काम मुलींचे म्हणून मुलांना मैदानावर पाठविले तर त्यांचेच नुकसान होईल.

ज्या दोघी-तिघी वर्ग सोडून गेल्या त्यांच्यापैकी एक आज मागच्या बाकावर बसलेली दिसते. तिचा अर्धा राहिलेला तुकडा शिक्षिकांनी जपून ठेवला आहे.

प्रमाणपत्रे आता दिली जातील. त्यानंतर प्रत्येकीने भिंतीवरील आपला तुकडा स्वतः काढून घ्यावा. मागे लावलेल्या चिठ्ठीवर नाव आणि लागलेले तास लिहिलेले आहेत. ती चिठ्ठी काढून टाकू नये. धनगर आजोबांनी दोन पोती लोकर ओसरीवर आणून ठेवली आहेत. ती या वेळी कोरडी आहे आणि तिच्यातील कुसळेही त्यांनी घरीच वेचून काढली आहेत. ज्यांना आसन करावयाचे असेल त्यांनी वजन करून न्यावी. भाव फळ्यावर लिहिला आहे.